दस्त मोठ्याने वाचून दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांमध्ये हल्ली परदेशातल्या फ्लॅटच्या पानभर जाहिराती असतात. समुद्र, पोहण्याचा तलाव, खाली हप्त्यांचं कोष्टक. ‘परदेशात घर घ्यावं का’ या विषयावर लेखही येतात आणि त्यात परतावा किती, व्हिसा मिळतो का, एवढीच चर्चा असते. माझ्या लेकीने गेल्या वर्षी बर्लिनमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा मी तिथे होते. परतावा वगैरे मला कळत नाही. मात्र तिथे एक गोष्ट पाहिली, तिचा संबंध पुण्यात घर घेणाऱ्या प्रत्येकाशी आहे असं वाटलं, म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे. कात्री लावायची तर मधल्या पैशांच्या परिच्छेदाला लावावी.

आधी माझ्याविषयी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होते. खिळ्यांचा जुळारी होता तेव्हा लागले आणि सगळं कॉम्प्युटरवर गेल्यावर निवृत्त झाले. आमच्याकडे महत्त्वाचं काम असलं की दोघं बसायचे. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचणार, दुसरा प्रुफावर नजर ठेवणार. वाचणारा स्वल्पविराम, अर्धविराम, कंस सुरू, कंस पूर्ण, सगळं उच्चारायचा. बाहेरच्याला वेड्यांचा बाजार वाटेल, पण डोळा फसतो तिथे कान फसत नाही, हे मी त्या टेबलावर शिकले. विशेषतः आकड्यांच्या बाबतीत. ३२चे २३ झालेले डोळ्याला दिसत नाहीत.

लेकीचं घर व्हेडिंग नावाच्या भागात आहे. (लग्नाशी काही संबंध नाही.) मागच्या इमारतीत, म्हणजे रस्त्याला लागून एक इमारत, मग चौक आणि चौकापलीकडे ही दुसरी. आपल्या वाड्यांची आठवण यावी अशी रचना. तिसरा मजला, लिफ्ट नाही, ६१ चौरस मीटर, बांधकाम १९०८ सालचं. किंमत २ लाख ७९ हजार युरो. त्याआधी तिने एक बराच स्वस्त फ्लॅट पाहिला होता, पण त्यात भाडेकरू होते. भाड्याच्या इमारतीचे फ्लॅट सुटे करून विकले असतील, तर बर्लिनमध्ये तिथल्या जुन्या भाडेकरूला स्वतःच्या राहण्याचं कारण सांगून दहा वर्षं काढता येत नाही. पेठेतल्या वाड्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी म्हटलं, बाई, तो सोड.

आता पैशांचं. बँकेने कर्ज दिलं ते घराच्या किमतीवर. वरचा खर्च स्वतःचा: बर्लिनचा खरेदी कर सहा टक्के, दलाली साडेतीन टक्क्यांच्या वर, नोटार (म्हणजे तिथला नोटरी, त्याच्याविषयी पुढे) आणि न्यायालयातली नोंद मिळून आणखी दोनेक टक्के. एकूण बत्तीस हजार युरोंच्या घरात. त्यातले वीस लाख रुपये आम्ही दोघांनी मुदत ठेवी मोडून दिले. परदेशी पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची योजना आहे, तिचं मराठी नाव ‘उदारीकृत विप्रेषण योजना’ असं आहे. ज्याने हे नाव केलं, त्याने ते मोठ्याने एकदा तरी म्हणून पाहायला हवं होतं. बँकेत सगळे एलआरएसच म्हणतात. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा, आणि अशा कामासाठी दहा लाख रुपयांपर्यंत काही कापत नाहीत. त्यावरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ कापून घ्यायचा कर. काउंटरवरच्या मुलाने सगळे वीस लाख यांच्या खात्यातून पाठवायचा फॉर्म भरून आणला होता. म्हणजे दोन लाख कापले गेले असते आणि विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत आम्ही वाट बघत बसलो असतो. मी फॉर्म वाचला, फाडला, दहा यांच्या खात्यातून आणि दहा माझ्या खात्यातून पाठवले. आमच्या सीएंनी आणखी एक सांगितलं: दस्तावर तुमचं नाव घालू देऊ नका. हौसेने आईवडिलांचं नाव घातलं, तर दर वर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं वेगळं परिशिष्ट भरावं लागतं आणि ते विसरलं तर दहा लाख दंड होऊ शकतो. आम्ही पैसे भेट म्हणून दिले आणि बाजूला झालो. जाहिरातींमध्ये हे कुठेही लिहिलेलं नसतं.

तर नोटार. आपल्याकडे नोटरी म्हटलं की शिवाजीनगर कोर्टाबाहेरचं टेबल, लाल गोल सील, रजिस्टरमध्ये सही आणि ‘झालं, पुढचे या’. जर्मनीतला नोटार हा वेगळाच प्राणी आहे. तो कायदा शिकलेला, सरकारने नेमलेला, विकणाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. त्याची फी कायद्याने ठरलेली. त्याच्यापुढे झाल्याशिवाय घराचा करार मुळात करारच होत नाही. आणि ग्राहकाला मसुदा साधारण दोन आठवडे आधी हातात मिळाला पाहिजे, असा नियम. लेकीला तो ईमेलने आला, तिने आणि जावयांनी दोनदा वाचला, ऑफिसातल्या एका जर्मन मैत्रिणीला दाखवला.

जूनमधल्या एका मंगळवारी आम्ही गेलो. विकणारे एक वयस्कर गृहस्थ, लेक, जावई, मी (सगळ्यांची परवानगी घेऊन कोपऱ्यात) आणि एक दुभाषी बाई. जावयांचं जर्मन कामापुरतं आहे. त्यांचं म्हणणं होतं की कळतं मला, कशाला दुभाष्याचा खर्च. नोटारने त्यांना दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि दुभाष्याशिवाय बसणार नाही म्हणाला. ज्याला भाषा पुरती कळत नाही, त्याला कळणाऱ्या भाषेत सांगितल्याशिवाय सही घ्यायची नाही, असा कायदाच आहे.

मग त्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून. नावं, जन्मतारखा, पत्ते, पारपत्रांचे क्रमांक, कलमं, पोटकलमं. आवाजात चढउतार नाही, सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायाला गुरुजींना घाई असते ना, तसा एक ठेका. थांबायचा, दुभाषी इंग्रजीत सांगायची, कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचा, पुन्हा सुरू. विकणारे गृहस्थ मधूनच पेंगत होते. संपादक महाशय, मी त्या खुर्चीत बसून अक्षरशः चौतीस वर्षं मागे गेले. तेच टेबल, तीच प्रत, एक वाचतोय आणि बाकीचे पानावर बोट ठेवून ऐकतायत.

मला जर्मन येत नाही. मात्र नातवाबरोबर अंक शिकले होते, आणि जर्मन अंक मराठी माणसाला फार सोपे आहेत. इंग्रजीत ‘वीस-तीन’ म्हणतात. जर्मनमध्ये आपल्यासारखंच आधी एकक, मग दशक. द्राय-उंड-त्स्वान्त्सिश, म्हणजे तीन आणि वीस, म्हणजे तेवीस. त्यामुळे वाचनातलं बाकी सगळं डोक्यावरून जात होतं तरी आकडे तेवढे कानात शिरत होते. फ्लॅटचा क्रमांक बरोबर. क्षेत्रफळ बरोबर. मग ‘केलर’ हा शब्द आला. प्रत्येक फ्लॅटला तळघरात एक जाळीची खोली असते, तिला केलर म्हणतात. लोक सायकली, बरण्या, जुन्या खुर्च्या ठेवतात. केलर क्रमांक तेवीस, असं तो वाचून गेला.

आम्ही तळघर पाहिलं होतं, आणि मी सवयीने वहीत लिहून ठेवलं होतं: ३२. लेकीला कोपराने ढोसलं. ती म्हणाली, आई, गप्प बस. मी म्हटलं, नाही बसणार. तिने विचारलं. नोटारने वाचन थांबवलं, इमारतीच्या विभागणीचा मूळ नकाशा मागवला, चष्मा वर करून पाहिला. ३२. मसुदा दोन आठवडे चार जणांनी वाचला होता आणि डोळ्यांना कोणालाच दिसलं नव्हतं. त्याने समासात पेनाने दुरुस्ती केली आणि दुभाष्यामार्फत विचारलं, या बाई कोण? लेक म्हणाली, माझी आई, प्रुफरीडर होती. तो पहिल्यांदाच हसला.

गोष्ट केवढी तर जाळीच्या खोलीची. तेवीस नंबरच्या खोलीत दुसऱ्याच कोणाच्या सायकली आहेत. वर्षा-दोन वर्षांनी भांडण झालं असतं, नाहीतर झालंही नसतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण त्याचं कारण तळघर नव्हतं.

कारण आमचा स्वतःचा फ्लॅट. सिंहगड रस्त्याला, १९९६मध्ये घेतलेला. त्या दस्ताच्या अकराव्या पानावर क्षेत्रफळ ५८५ चौरस फूट आहे आणि शेवटी परिशिष्टात ५५८. जन्मभर दुसऱ्यांचे आकडे तपासणाऱ्या बाईच्या स्वतःच्या दस्तात उलटे आकडे. मला ते २०२३मध्ये कळलं, सोसायटी पुनर्विकासाला निघाली आणि प्रत्येकाचं क्षेत्र मोजून यादी लागली तेव्हा. नवा बिल्डर परिशिष्टातला आकडा धरतो, कारण तो त्याच्या सोयीचा. सत्तावीस फूट म्हणजे आमची मोरी. यादीनुसार आमच्या घराला १९९६पासून मोरीच नाही.

मग चूकदुरुस्तीचा दस्त करा, असं वकील म्हणाले. त्यासाठी मूळ लिहून देणाऱ्याची सही लागते. ती भागीदारी फर्म केव्हाच मोडली, एक भागीदार वारले, दुसरे फोन उचलत नाहीत. सोसायटी नोंदल्यावर बिल्डरने चार महिन्यांत जमिनीचं अभिहस्तांतरण करून द्यायचं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करायची, असा जुना नियम आहे. तेही त्यांनी केलं नव्हतं, आम्हाला मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे बिल्डरशिवाय ते सरकारकडून करून घेण्याच्या, फेऱ्या माराव्या लागल्या. तो वेगळ्या पत्राचा विषय.

तुम्ही विचाराल, सही करताना बाई काय करत होत्या? प्रश्न रास्त आहे. सेहेचाळीस पानांचा इंग्रजी दस्त बिल्डरच्या कारकुनाने निबंधक कार्यालयाच्या जिन्यात हातात दिला. तो कोपरे धरून पानं उलटत होता, मी खाली सही करत होते. पुढे नंबर लागलेला, मागे रांग, कडेवर तापलेली मुलगी. (तीच ही बर्लिनची.) त्याआधी मसुदा मागितला होता, तर ‘ताई, स्टँडर्ड आहे, सगळ्यांचं सारखंच’ असं उत्तर आलं होतं. रोखीत किती ‘वरचे’ मागितले होते ते इथे लिहीत नाही. जर्मनीत एप्रिल २०२३पासून घर रोखीने घेताच येत नाही, एवढं मात्र लिहिते.

हे १९९६चं झालं. गेल्या वर्षी परत आल्यावर पुतण्याच्या फ्लॅटच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून गेले, तेव्हा काय बदललं ते पाहिलं. बरंच बदललं आहे. चलन ऑनलाइन, आधारची पडताळणी, कॅमेऱ्यासमोर फोटो, अंगठ्याचं यंत्र. नव्या फ्लॅटची पहिली विक्री तर बिल्डरच्या ऑफिसातूनही नोंदता येते. मुद्रांक शुल्क सात टक्के, बाईच्या नावावर घेतलं तर सहा. आपली एक गोष्ट तर जर्मनांपेक्षा सरस आहे: त्यांचं ग्रुंडबुख, म्हणजे जमीनजुमल्याच्या मालकीची न्यायालयातली वही, पाहायची तर तुमचा हितसंबंध दाखवावा लागतो; आपल्याकडे सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, कोणालाही घरबसल्या शोधता येते.

पण वाचन? आमचा नंबर आल्यापासून बाहेर पडेपर्यंत तेवीस मिनिटं लागली. अधिकाऱ्याने विचारलं, दस्त तुम्हीच करून दिलाय ना, सह्या तुमच्याच ना? हो. इकडे बघा, फोटो. अंगठा. पुढचे. मागून जो कागद छापून येतो त्यावर लिहिलेलं असतं की ‘करुन देणार तथाकथीत’ अमुक दस्तऐवज करून दिल्याचे ‘कबुल करतात’. त्या वाक्यात करुन, तथाकथीत आणि कबुल अशा शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत, आणि शिवाय आपण आयुष्यभराची कमाई घालतो तो दस्त सरकारच ‘तथाकथित’ म्हणतं. असो. त्या अधिकाऱ्याला दोष देत नाही. त्याचं काम सह्या खऱ्या आहेत का हे बघणं. नोंदणीचा कायदाही १९०८चा, लेकीच्या इमारतीएवढाच जुना; त्यात निबंधकाने माणूस ओळखायचा असतो, मजकूर समजावून द्यायचा नसतो. मग तो कोण समजावतो? बिल्डरचा वकील बिल्डरचा. एजंटाला दुपारी आणखी दोन नोंदण्या असतात. बँक फक्त आपलं तारण बघते. खोलीत एकही माणूस असा नसतो, ज्याचं काम घेणाऱ्याला दस्त कळला का हे पाहणं आहे.

महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, नमुना करारनामा दिला आहे, दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम करार नोंदवल्याशिवाय घ्यायची नाही असा कायदाही आहे. चांगलंच आहे. मात्र व्यवहारात आधी टोकन, मग मसुदा, आणि मसुदा इंग्रजीत. पुतण्याने मसुदा मागितला, तर चेक दिल्यावर पाठवतो म्हणाले. टोकन दिल्यावर मसुदा वाचून नको म्हणायची किती जणांची तयारी असते? मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचे पेढे २०२४च्या ऑक्टोबरात आम्ही ग्रंथालयात वाटले. त्या पेढे खाणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या घराचा दस्त मराठीत वाचला असेल? मी स्वतः नाही.

जर्मनीत सगळं सोन्याचं आहे असं मला म्हणायचं नाही. नोटार किंमत योग्य आहे का हे सांगत नाही, भिंतीला ओल आहे का ते बघत नाही. सही जूनमध्ये झाली आणि किल्ली मिळायला सप्टेंबर उजाडला. आधी ग्रुंडबुखात लेकीच्या नावाची राखीव नोंद, मग नोटारचं ‘आता पैसे द्या’ असं पत्र, मग कर, मग कर भरल्याचा दाखला, अशी वरात. आणि विकणारे ते पेंगणारे गृहस्थ जाताना स्वयंपाकघर घेऊन गेले. ओटा, कपाटं, नळाखालचं सिंकसुद्धा. तिकडे तशी पद्धत आहे म्हणे. लेक दोन महिने न्हाणीघरात भांडी घासत होती.

माझं मागणं मोठं नाही. जर्मनीसारखी नोटारांची फौज उभी करा असं मी म्हणत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाने दोन गोष्टी कराव्यात. मसुदा सहीच्या आधी पंधरा दिवस घेणाऱ्याच्या हातात पडला होता आणि त्याने मागितल्यास मराठीतही मिळाला होता, असं घेणाऱ्याने लिहून दिल्याशिवाय दस्त स्वीकारू नये. आणि नोंदणीच्या वेळी संपूर्ण दस्त नको, निदान परिशिष्ट तरी मोठ्याने वाचावं: मिळकतीचं वर्णन, चटई क्षेत्र, पार्किंगचा क्रमांक, किंमत, ताब्याची तारीख. घड्याळ लावून पाहिलं आहे, चार मिनिटं वीस सेकंद लागतात. तेवीस मिनिटांत ती बसतात.

पुतण्याचं परिशिष्ट आम्ही आदल्या रात्री स्वयंपाकघरात तसंच वाचलं होतं. तो वाचत होता, मी पानावर बोट ठेवून. सर्व्हे नंबरातली एक तिरकी रेघ गळली होती आणि पार्किंगच्या क्रमांकाच्या जागी नुसतंच टिंब होतं. सकाळी फोन केला, तर बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, “काकू, एवढं कोणी वाचत नाही.” पण दुरुस्ती मात्र दुपारपर्यंत करून पाठवली, हे तिच्या बाजूने नोंदवते.

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा करार आता सभेपुढे आला आहे. ११२ पानं, इंग्रजी. सेक्रेटरींनी व्हॉट्सअॅपवर टाकला आणि ‘हरकत नसल्यास अंगठा दाखवावा’ असं लिहिलं. सतरा अंगठे दहा मिनिटांत आले. मी लिहिलं की करार सभेत मोठ्याने वाचला जावा आणि प्रत्येक कलमाचा अर्थ मराठीत सांगितला जावा. त्यावर पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी विचारलं, वाचणार कोण? मीच, असं कळवलं आहे. रविवारी सकाळी नऊला गच्चीवर सुरू करतो आहोत. पाण्याची बाटली आणि पेन्सिल ज्याची त्याने आणायची.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
सिंहगड रस्ता, पुणे